सिंटरक्लासचा जोडा आणि धुराड्याची काजळी

नाताळातील लाल वेषधारी सांताक्लॉज आता आपल्या शहरांतील दुकानांतूनही दृष्टीस पडतो. त्याचे नाव ज्या डच शब्दावरून आले, तो ‘सिंटरक्लास’ मात्र निराळा असून त्याचा उत्सव नेदरलँड्समध्ये ५ डिसेंबरच्या रात्री, नाताळच्या पुष्कळ आधी, साजरा होतो. गेली काही वर्षे त्या देशात या उत्सवावरून मोठा वाद माजला. जुनी रीत राखू पाहणारांची सारी भिस्त ‘परंपरा’ या एका शब्दावर होती. म्हणून त्या परंपरेचे वय तपासणे अगत्याचे आहे.

मूळ आख्यान चौथ्या शतकातील संत निकोलस यांचे. आजच्या तुर्कस्तानातील मायरा या गावचे हे धर्माध्यक्ष. एका दरिद्री गृहस्थाच्या तीन मुली उपवर झाल्या. हुंड्यास पैसा नाही, आणि त्यांना वाममार्गास लावण्याची पाळी आली. निकोलस यांनी रात्रीच्या अंधारात खिडकीतून सोन्याच्या थैल्या आत टाकल्या. देणारा दिसू नये, ही या कथेची खरी खूण. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात परतफेडीची अपेक्षा नसलेल्या दानास सात्त्विक म्हटले आहे. ही कथा त्या कोटीतील आहे, असे आम्हांस वाटते.

पुढे १०८७ साली इटलीतील बारी येथील खलाशांनी संताच्या अस्थी आपल्या नगरात नेल्या. निकोलस हे खलाशांचे रक्षक. त्यामुळे ॲमस्टरडॅमसारख्या बंदराने त्यांस आपले आराध्य मानावे, हे ओघानेच आले. शुभ्र घोड्यावरून छपरांवर फिरणारा हा संत म्हणजे जुना जर्मानिक देव वोडान होय, असे एकोणिसाव्या शतकातील काही पंडितांनी सांगितले. परंतु त्यास पुरावा तोकडा आहे. नुसत्या ध्वनिसाम्यावरून शब्दाची व्युत्पत्ती सांगणारे महाभाग आम्ही संस्कृताच्या क्षेत्रातही पुष्कळ पाहिले आहेत!

सोळाव्या शतकात डच लोकांत प्रॉटेस्टंट पंथ प्रबळ झाला आणि संतपूजा त्याज्य ठरली. नगराधिकाऱ्यांनी मनाईहुकूम काढले. तरी घरातील उत्सव काही थांबला नाही. चित्रकार यान स्टेन यांचे १६६५ च्या सुमाराचे एक चित्र ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात आहे. त्यात लहान मुलगी खाऊ व बाहुली कवटाळून उभी आहे. थोरल्या मुलाच्या जोड्यात खाऊऐवजी छडी निघाली म्हणून तो रडतो आहे. आणि मागे पडद्याआडून आजी त्याला हळूच खुणावते आहे. चुलीपाशी जोडा ठेवावा, घोड्यासाठी त्यात गाजर किंवा गवत घालावे, आणि सकाळी त्या जागी भेट सापडावी, ही रीत आजही आहे. चित्रात संत स्वतः नाही आणि त्याचा काळा सेवकही नाही.

तो सेवक आला १८५० साली. ॲमस्टरडॅमचे एक शाळामास्तर यान स्केंकमान यांनी मुलांसाठी सचित्र पुस्तक लिहिले. त्यात संत स्पेनहून आगबोटीने येतो आणि बरोबर काळ्या वर्णाचा नोकर असतो. आगबोट ही तर त्या काळची नवलाई! याच नोकरास पुढे ‘झ्वार्टे पीट’, म्हणजे काळा पीट, हे नाव पडले. आणि गोरी माणसे तोंडास काळे फासून, ओठ रंगवून, कुरळे केस व कानांत डूल घालून त्याचे सोंग घेऊ लागली. पुस्तक निघाले तेव्हा डच वसाहतींत गुलामगिरी चालू होती. ती कायद्याने संपली १८६३ साली. म्हणजे प्राचीन म्हणून ज्याची पाठराखण झाली, तो भाग दोनशे वर्षांचाही नाही.

धुराड्यातून उतरताना त्यास काजळी लागली, असे समर्थन करण्यात येई. मग काजळीने केस कुरळे कसे झाले? २०११ साली दॉर्द्रेख्त येथे या सोंगाचा निषेध छापलेले सदरे घालून उभ्या राहिलेल्यांस पोलिसांनी धरले, तेव्हा प्रश्न देशभर गाजला. २०१७ साली निदर्शकांच्या गाड्या महामार्गावर अडविण्यात आल्या. अखेर २०१९ साली दूरचित्रवाणीवरील राष्ट्रीय आगमनसोहळ्यात गालावर केवळ काजळीचे पट्टे ओढलेले सेवक आले; आणि २०२० साली पंतप्रधान मार्क रुटे यांनीही आपले मत पालटल्याचे सांगितले.

हा वाद आपल्या लोकांस परका नाही. सुरिनाम या डच वसाहतीत मुक्त झालेल्या गुलामांवरील सरकारी देखरेख १८७३ साली संपली, आणि मळ्यांवर त्यांची जागा भरण्यासाठी त्याच वर्षी ‘लाला रूख’ नावाचे जहाज करारबद्ध हिंदी मजूर घेऊन तेथे पोहोचले. १९१६ पर्यंत असे सुमारे ३४,००० लोक गेले. बहुतेक संयुक्त प्रांत व बिहारकडचे. १९७५ साली सुरिनाम स्वतंत्र झाले, त्या सुमारास त्यांच्या वंशजांपैकी पुष्कळ जण नेदरलँड्समध्ये आले आणि हेग नगरीत विशेष करून स्थिरावले. त्यांची मुले त्याच शाळांत शिकली, जेथे दर डिसेंबरात सिंटरक्लास येतो आणि सेवक मूठ मूठ मसालेदार बिस्किटे उधळतात.