सण एकाचा, ऋण दुसऱ्याचे

अमेरिकेतील १९७० ते १९८० या दशकाची आठवण निघाली की वॉटरगेट, व्हिएतनाम आणि पेट्रोल पंपांवरील मोटारींच्या रांगा ही तीन चित्रे प्रथम डोळ्यांसमोर उभी राहतात. अप्रामाणिक अध्यक्ष, फसलेले युद्ध आणि अरब राष्ट्रांनी केलेली तेलाची कोंडी अशा तीन स्वतंत्र आपत्ती त्या देशावर एकाच वेळी कोसळल्या, असा समज त्यामुळे रूढ झाला आहे. हा समज सोयीचा असला तरी पुरेसा नाही. तेलाचे भाव भडकण्यापूर्वीच अमेरिकेत महागाईने मूळ धरले होते आणि ते मूळ राज्यकर्त्यांच्या एका सवयीत होते. खर्च आज करावयाचा आणि त्याची किंमत उद्यावर ढकलावयाची, ही ती सवय. हे देणे अखेर कोणाकडून वसूल झाले, हाच त्या दशकाचा खरा प्रश्न आहे.

आरंभ अध्यक्ष जॉन्सन यांच्या काळात झाला. व्हिएतनामचे युद्ध आणि दारिद्र्यनिर्मूलनाच्या योजना ही दोन्ही कामे त्यांनी एकाच वेळी अंगावर घेतली. यांतील एकही काम स्वस्त नव्हते. तथापि, कर वाढविले तर लोक युद्धाचा हिशेब विचारतील आणि काँग्रेस समाजकल्याणाच्या योजनांना कात्री लावील, या भीतीने करवाढ लांबणीवर पडली. प्राप्तिकरावर दहा टक्के अधिभार बसविणारा कायदा मंजूर होण्यास १९६८ चा जून महिना उजाडावा लागला. तोवर व्हावयाचे ते होऊन गेले होते. १९६५ मध्ये दोन टक्क्यांच्या आत असलेली भाववाढ १९६९ मध्ये पाच टक्क्यांच्या वर गेली. ऋण काढून सण साजरा करण्याचा परिणाम घरात होतो तोच राज्यात होतो. फरक एवढाच की, राज्यात सण साजरा करणारा एक असतो आणि ऋण फेडणारा दुसरा.

निक्सन यांनी हीच रीत पुढे नेली. १९४४ च्या ब्रेटन वुड्स व्यवस्थेनुसार परदेशी सरकारांनी डॉलर परत केल्यास ३५ डॉलरला एक औंस या दराने सोने देण्यास अमेरिका बांधलेली होती. परंतु जगभर साठलेल्या डॉलरांच्या मानाने तिजोरीतील सोने अपुरे पडू लागले. १५ ऑगस्ट १९७१ रोजी निक्सन यांनी हे सोने देणे थांबविले, आयातीवर दहा टक्के जादा कर बसविला आणि वेतन व किमती नव्वद दिवसांसाठी गोठविल्या. झाकण घट्ट बसविले म्हणजे भांड्याखालचा जाळ कमी होत नाही. पुढचे वर्ष निवडणुकीचे होते. पैशाचा पुरवठा सैल ठेवण्यासाठी निक्सन यांनी मध्यवर्ती बँकेचे, म्हणजे फेडरल रिझर्व्हचे, अध्यक्ष आर्थर बर्न्स यांच्यावर कसा दबाव आणला, हे व्हाइट हाउसमधील ध्वनिफितींवरून पुढे उघड झाले. सामाजिक सुरक्षा योजनेतील निवृत्तिवेतनही त्याच वर्षी वीस टक्क्यांनी वाढले. निक्सन यांनी पन्नासपैकी एकोणपन्नास राज्ये जिंकली, यात मग नवल ते कोणते?

अशा कोरड्या गवतावर १९७३ च्या ऑक्टोबरात ठिणगी पडली. अरब-इस्रायल युद्ध, अरब राष्ट्रांची तेलबंदी आणि पिंपामागे सुमारे तीन डॉलरवरून बारा डॉलरच्या घरात गेलेला तेलाचा भाव यांनी आधीच पेटू पाहणारी महागाई भडकविली. १९७४ मध्ये ती अकरा टक्क्यांवर गेली आणि १९७५ च्या मे महिन्यात बेकारीही नऊ टक्क्यांवर पोहोचली. महागाई वाढली की बेकारी घटते, हे तोवरच्या पाठ्यपुस्तकांतील सूत्र व्यवहारात कोलमडले. याच सुमारास, ऑगस्ट १९७४ मध्ये, निक्सन यांना राजीनामा द्यावा लागला आणि महिनाभरातच त्यांचे उत्तराधिकारी फोर्ड यांनी त्यांना संपूर्ण माफी दिली. महागाईविरुद्ध फोर्ड यांनी नागरिकांच्या छातीवर बिल्ले लावण्याची मोहीम काढली. तिची टिंगल झाली. शब्दावरचा विश्वास उडालेल्या समाजात बिल्ल्याचा काय पाड लागणार?

देणे वसूल होऊ लागले ते प्रथम शहरांत. न्यूयॉर्क महापालिका वर्षानुवर्षे दैनंदिन खर्चसुद्धा अल्प मुदतीच्या कर्जातून भागवीत होती. १९७५ मध्ये बँकांनी हात आखडताच ती दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली. हजारो शिक्षक आणि महापालिका कर्मचारी कामावरून कमी झाले. ऑक्टोबरात शिक्षकांच्या निवृत्तिवेतन निधीने अगदी अखेरच्या घटकेला रोखे विकत घेतले, म्हणून त्या दिवसापुरती शहराची अब्रू वाचली. ज्या कर्जाचा निर्णय शिक्षकांनी घेतला नव्हता, त्यासाठी त्यांच्या म्हातारपणाची पुंजी पणाला लागली. १८४७ पासून विनामूल्य शिक्षण देण्याची परंपरा असलेल्या तेथील नागरी विद्यापीठात १९७६ मध्ये शुल्क सुरू झाले. गरिबांच्या आणि नव्याने आलेल्या स्थलांतरितांच्या मुलांना वर चढविणारी एक शिडी त्या वर्षी महाग झाली.

नंतर पाळी आली कारखान्यांची. जुनी यंत्रे आणि परदेशी पोलादाची स्पर्धा यांनी पोलाद उद्योग आतून पोखरला होता. सप्टेंबर १९७७ मध्ये ओहायोतील यंग्जटाउन येथील मोठा कारखाना बंद झाल्याचे जाहीर झाले आणि सुमारे पाच हजार कामगार रस्त्यावर आले. इकडे कॅलिफोर्नियात घरांच्या किमतींबरोबर मालमत्ता कर भडकला होता. १९७८ मध्ये मतदारांनी तो मालमत्तेच्या मूल्याच्या एक टक्क्यावर रोखला. घरमालकांचा राग समजण्यासारखा होता. पण त्याच करावर शाळा आणि ग्रंथालये चालत होती. सरकारकडून आपले भले होऊ शकते, या श्रद्धेलाच या काळात तडा गेला.

इराणमधील क्रांतीनंतर १९७९ मध्ये तेल पुन्हा भडकले. जुलैमध्ये अध्यक्ष कार्टर यांनी राष्ट्राचा आत्मविश्वास हरपल्याचे प्रांजळपणे सांगितले आणि ऑगस्टमध्ये पॉल व्होल्कर यांना फेडरल रिझर्व्हवर आणले. व्होल्कर यांनी ऑक्टोबरात पैशाचा पुरवठा आवळला आणि व्याजदर मोकळे सोडले. १९८० च्या डिसेंबरात बँकांचा प्रमुख कर्जदर २१.५ टक्क्यांवर गेला. औषध कडू होते, परंतु लागू पडले. १९८० मध्ये १३.५ टक्के असलेली भाववाढ १९८३ मध्ये तीन टक्क्यांच्या आसपास उतरली. मात्र त्यासाठी १९८२ च्या अखेरीस बेकारी १०.८ टक्क्यांपर्यंत चढली. शेतकऱ्यांनी वॉशिंग्टनमध्ये फेडरल रिझर्व्हच्या इमारतीवर ट्रॅक्टर नेले. मेक्सिकोसारख्या देशांना डॉलरमधील कर्जाचे व्याज पेलेना. कार्टर यांनी तर १९८० मध्येच अध्यक्षपद गमावले होते. ज्यांनी देणे वाढविले त्यांना मते मिळाली आणि ज्याने वसुलीला हात घातला त्याला घरी जावे लागले.

महागाई तशीच चालू द्यावयास हवी होती, असा याचा अर्थ नव्हे. ठरावीक उत्पन्नावर जगणाऱ्या पेन्शनराला आणि बचत करणाऱ्या कारकुनाला तीही गिळतच होती. परंतु औषध आवश्यक होते, एवढे म्हटल्याने ते कोणाला पाजले गेले, हा प्रश्न मिटत नाही. ज्यांच्यापाशी पैसा होता त्यांना चढ्या व्याजाचा लाभ झाला. यंग्जटाउनच्या भट्टीवाल्याला तो झाला नाही. सामान्य अमेरिकन कामगाराच्या खऱ्या वेतनाची वाढ १९७३ नंतर दीर्घकाळ खुंटली, ती महागाई उतरल्यावरही लगेच सावरली नाही.

जून २०२२ मध्ये अमेरिकेतील महागाई ९.१ टक्क्यांवर गेली, तेव्हा व्होल्कर यांचे नाव पुन्हा आदराने घेतले गेले. व्याजदर झपाट्याने वाढले. पण त्या खेपेस बेकारीचा तसा कडेलोट न होताच भाववाढ बरीच खाली आली. याचा अर्थ स्पष्ट आहे. लाखोंची रोजी घालविल्याशिवाय भाव स्थिर होतच नाहीत, हा काही निसर्गनियम नव्हे. तेव्हा सत्तरच्या दशकातून घ्यावयाचा धडा केवळ मध्यवर्ती बँकेने कठोर असावे, एवढाच नाही. युद्धाचा असो वा कल्याणाचा, खर्च मंजूर होतो त्याच दिवशी त्याचे देणे कोण, केव्हा आणि कसे फेडणार, हे राज्यकर्त्यांनी सांगितले पाहिजे. ते सांगितले जात नाही, तेव्हा हिशेब संपत नाही. तो फक्त ज्याला बैठकीला बोलावलेच नव्हते, त्याच्या नावावर चढतो.