पावावरचे उंदीर

पावाच्या दोन कापांमध्यें मनुष्य काय काय घालूं शकतो, याचा विचार करूं लागलें म्हणजे मति कुंठित होते. ऑस्ट्रेलियांत मुलांच्या वाढदिवशीं पावाला लोणी फांसून त्यावर रंगीत साखरेचे बारीक मणी पसरतात व त्यास 'परीचा पाव' असें म्हणतात. जपानांत मऊ पांढऱ्या पावांत फेटलेली साय व फळांच्या फोडी भरतात आणि काप असा घेतात कीं, फळाचें चित्र कडेला उमटावें. अमेरिकेंत भुईमुगाच्या लोण्यावर फळांचा मुरंबा थापण्याची कृति १९०१ सालींच एका पाकविषयक मासिकांत छापली गेली होती. इंग्लंडांत तळलेल्या बटाट्याच्या फोडी पावांत घालून खातात. मात्र वडापाव खाणाऱ्या आमच्या मुंबईकरांस त्यांना हसण्याचा अधिकार नाहीं.

या विषयांत अग्रपूजेचा मान आमच्या मतें हॉलंडचा. तेथें चांगले प्रौढ, पदवीधर गृहस्थ न्याहारीस पावाला लोणी लावून वर चॉकोलेटचे दाणे पेरतात. त्या दाण्यांना त्यांच्या भाषेंत गारांचें नांव आहे. लोणी हवेंच, नाहींतर गारा ताटांत घरंगळतात. हें सर्व आम्हांस ठाऊक होण्याचें कारण असें कीं, आमच्या धाकट्या बंधूंची कन्या पतीसह तेथें यूट्रेक्ट शहरीं राहते. आणि तिच्याच पायीं गेल्या हिंवाळ्यांत आमच्या घरांत एक अबोला शिरला होता.

पहिलें बाळंतपण माहेरीं, हा आमच्या घरचा नियम. मातोश्रींचें वय नव्वदीच्या घरांत. तरी त्यांनीं कार्तिकापासूनच डिंक व हळीव निवडून डबे भरून ठेवले होते. मार्गशीर्षांत पुतणीनें कळविलें कीं, इतक्या दिवसांवर प्रवास नको असें तेथील डॉक्टर म्हणतात, तेव्हां आपलें बाळंतपण तिकडेच होईल. मातोश्रींनीं तें ऐकून घेतलें आणि पुढें दोन महिने नातीशीं एक अक्षर बोलल्या नाहींत. फोन वाजला कीं त्या डोळे मिटून जप करूं लागत. "परक्या मुलखांत पोरीला शेकायला कोण?" एवढेंच एकदां सुनांजवळ बोलल्या.

माघांत मुलगी झाली. चौथ्या दिवशीं छायाचित्र आलें : एक गोल भाजका टोस्ट, त्यावर लोणी, आणि लोण्यावर गुलाबी-पांढरे दाणे. खालीं मजकूर : 'आलेल्या सर्वांना उंदीर खाऊं घातले.' धाकट्या नातवानें तो मोठ्यानें वाचला. पुढला प्रसंग वर्णन करण्याची आमची छाती नाहीं.

उलगडा झाला तो असा. मूल जन्मलें कीं भेटीस येणारांस असा टोस्ट देण्याची हॉलंडांत जुनी रीत आहे. वरचे दाणे म्हणजे बडीशेपेसारख्या एका बियांवर चढविलेली साखर. बीला देंठाची बारीक शेपटी राहते, म्हणून त्यांस 'लहान उंदीर' असें नांव पडलें. गुलाबी-पांढऱ्यांची चाल जुनी; मुलासाठीं निळे दाणे १९९४ पासूनचे. २००३ सालीं तेथील राजघराण्यांत कन्या जन्मली तेव्हां नारिंगी दाणे निघाले, कारण त्या घराण्याचा रंगच तो. आणि मुळांत हें बीं कां, तर त्यानें बाळंतिणीला दूध येतें अशी तेथील जुन्या बायकांची समजूत!

"म्हणजे शोपाच कीं!" मातोश्री म्हणाल्या.

आमच्यांतील जुना शिक्षक लगेच जागा झाला. बाळंतशोपा निराळ्या, बडीशेप निराळी व हें परदेशी बीं निराळें. परंतु तिन्हींचें कुल ओवा-जिऱ्याचेंच. काश्यपसंहितेंत शतपुष्पा व शतावरी यांवर एक स्वतंत्र अध्याय आहे, इतकें आम्ही सांगितलें असेल नसेल, तोंच मातोश्रींनीं हातानें थांबविलें. "ग्रंथ राहूं दे. तिच्याजवळ कोण आहे तें विचार."

विचारलें. प्रसूतीनंतर आठवडाभर एक शिकलेली बाई रोज घरीं येऊन आई व मूल दोघांना पाहते, अशी त्या देशाची व्यवस्थाच आहे. पाहुण्यांचे ते टोस्टही त्या बाईनेंच लावले होते. शेगडी नाहीं, धुरी नाहीं; मात्र पाळण्यांत बाळाच्या पायथ्याशीं ऊन पाण्याची धातूची बाटली, कापडांत गुंडाळून. मातोश्रींनीं त्या बाटलीविषयीं दोनदां विचारलें. बूच घट्ट असतें ना, हेंही विचारून घेतलें.

बाजारच्या भट्टीचा पाव मातोश्रींनीं जन्मांत शिवलेला नाहीं. परंतु बाराव्या दिवशीं त्यांनीं नातवाकरवीं बेकरींतून टोस्ट आणविले, घरचें लोणी काढावयास सांगितलें आणि साखरेची रंगीत बडीशेप समोर घेऊन बसल्या. सुनांनीं लोणी लावावें, यांनीं वरून दाणे पेरावे, असें चाललें. त्यांतून निळे दाणे वेंचून बाजूला काढण्यास मुलांना बसविलें होतें. शेजारच्या चार बिऱ्हाडांना ताटें गेलीं. स्वतः टोस्ट घेतला नाहींच; ताटांत उरलेले चार गुलाबी दाणे तोंडांत टाकले, पदराला हात पुसला आणि म्हणाल्या, "हं, आतां तिला फोन लाव."