चरबी सुईने वितळते काय?

लग्नसराई जवळ आली, की शालू-दागिन्यांच्या चर्चेबरोबर शरीराच्या ठेवणीचीही चर्चा घराघरांत सुरू होते. वधूच काय, पण वधूची आईदेखील आरशापुढे उभी राहून हनुवटीखालची वळी बोटांनी चाचपून पाहते. अशा वेळी ‘शस्त्रक्रिया नाही, टाके नाहीत, केवळ सुया टोचून चरबी नाहीशी’ अशी जाहिरात दृष्टीस पडली, तर मोह होणे स्वाभाविक आहे. त्या मोहाला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र ही सुई काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे पैसे मोजण्यापूर्वी जाणून घेणे अगत्याचे आहे.

त्वचेत व त्वचेखाली थोडे थोडे औषध टोचण्याची ‘मेसोथेरपी’ नावाची पद्धती फ्रान्समधील डॉक्टर मिशेल पिस्तोर यांनी १९५२ साली प्रचारात आणली. प्रारंभी तिचा हेतू वेदनाशमनाचा होता. चरबीशी तिचा संबंध पुढे जोडला गेला. ब्राझीलमध्ये फॉस्फॅटिडिलकोलिन हे द्रव्य चरबीत टोचण्याची लाट आली आणि २००३ साली तेथील शासनाला या वापरास मनाई करावी लागली. पुढे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत एक मौजेची गोष्ट आढळली. मुख्य औषध विरघळावे एवढ्याचसाठी त्यात जे डिऑक्सिकोलिक आम्ल मिसळले जात असे, तेच प्रामुख्याने मेदपेशी फोडीत होते!

हे आम्ल आपल्याला परके नाही. पित्ताम्लांपासून ते आपल्याच आतड्यात तयार होते आणि अन्नातील स्निग्ध पदार्थ पचविण्यास साहाय्य करते. तेच मेदपेशींत टोचले असता पेशींचे आवरण फुटते व शरीर हळूहळू त्यांचे अवशेष वाहून नेते. हनुवटीखालच्या चरबीसाठी अमेरिकेच्या औषध-नियंत्रक संस्थेने एप्रिल २०१५ मध्ये त्यास मान्यता दिली. परंतु ती हनुवटीखालच्या भागापुरतीच. पोट, दंड वा मांड्या तीत येत नाहीत.

जाहिरातीतील ‘चार सुया’ही प्रत्यक्षात चार नसतात. त्या उपचारात एका बैठकीत ५० पर्यंत टोचण्या देता येतात आणि किमान एकेका महिन्याच्या अंतराने अशा सहा बैठकांपर्यंत जाता येते. सूज, वेदना, काळेनिळेपणा आणि बधिरता हे परिणाम नेहमीचे होत. सुई चुकीच्या जागी गेली, तर जबड्याजवळच्या मज्जातंतूस इजा होऊन हसताना ओठ वाकडा होतो. क्वचित गिळण्यास त्रास होतो किंवा त्वचेवर व्रण पडतो. जे आम्ल मेदपेशी फोडते, ते शेजारच्या ऊतींनाही अपाय करू शकते, हे विसरून चालणार नाही.

मांड्यांवर व नितंबांवर त्वचेस जे खळगे पडतात, त्या ‘सेल्युलाइट’ची गोष्ट निराळी. तो रोग नव्हे. स्त्रियांच्या त्वचेखालील तंतू बहुतांशी उभे असतात. ते त्वचेला खाली ओढतात आणि मधली चरबी वर उचलली जाते. वयात आलेल्या बहुसंख्य स्त्रियांत, सडपातळ स्त्रियांतसुद्धा, तो थोडाफार आढळतो. हे तंतू विरघळविणारे एक इंजेक्शन अमेरिकेत जुलै २०२० मध्ये मान्य झाले. तथापि काळेनिळे डाग आणि दीर्घकाळ टिकणारे त्वचेचे रंगांतर यांमुळे डिसेंबर २०२२ मध्ये उत्पादकांनीच ते बंद करण्याचे घोषित केले.

आता खरा प्रश्न प्रकृतीचा. अमेरिकेत २००४ साली पंधरा स्थूल स्त्रियांच्या त्वचेखालून शोषणशस्त्रक्रियेने सुमारे दहा-दहा किलो चरबी काढण्यात आली. काही आठवड्यांनी तपासले, तेव्हा रक्तदाब, रक्तातील साखर वा इन्सुलिनचे कार्य यांत लक्षणीय सुधारणा नव्हती. दहा किलो काढून जे साधले नाही, ते चमचा-दोन चमचे चरबी फोडून कसे साधावे? मधुमेह व हृदयविकार यांना विशेष कारण होते ती चरबी पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृतात असते. तेथे ही सुई पोहोचत नाही.

आपणा भारतीयांना तर ही गोष्ट अधिकच लागू आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वत:चीच मोजमापे प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच होते. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! म्हणून काट्यावरील आकड्याइतकेच शिवणाच्या टेपकडेही लक्ष द्यावे. कंबरेचा घेर स्त्रियांत ८० आणि पुरुषांत ९० सेंटिमीटरपेक्षा अधिक असेल, तर रक्तदाब व साखर तपासून घ्यावी. भूक कमी करणारी वजनावरील अलीकडची इंजेक्शने हा सर्वस्वी निराळा उपचार आहे. त्यांची गल्लत येथे करू नये.

एवढे समजूनही हनुवटीसाठी उपचार घ्यावासा वाटला, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र तो अर्हताप्राप्त त्वचारोगतज्ज्ञ किंवा सौंदर्यशल्यचिकित्सक यांच्याकडेच घ्यावा. औषधाचे नाव विचारावे, सीलबंद कुपी आपल्यासमोर उघडून घ्यावी, एकूण बैठका व खर्च आधी लिहून घ्यावा. समारंभ तोंडावर असताना तर हा उपचार मुळीच घेऊ नये. सूज उतरण्यास आठवडे लागू शकतात. गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या मातांनी तो टाळावा. ब्यूटी पार्लरमध्ये टोचून घेणे, अथवा घरपोच मागविलेली कुपी स्वत:च टोचणे, हे सर्वथा वर्ज्य समजावे. निर्जंतुकतेत हयगय झाल्यास महिनोन्‌महिने न भरणाऱ्या गाठी होतात, आणि त्यांचे डाग लग्नाच्या छायाचित्रांपेक्षाही अधिक काळ टिकतात.