कापडाची नक्कल आणि कामगाराची भाकरी

आपल्याकडे कापडाचे नाव गावावरून पडते: इरकल, पैठणी, सांगानेरी चीट. पश्चिम आफ्रिकेतील घानात छापील कापडाला म्हणीचे नाव देतात. एका नक्षीचे नाव आहे 'चांगले मणी वाजत नाहीत'. आपल्या उथळ पाण्याच्या खळखळाटाची ही सख्खी बहीणच! तिथे संघटना, चर्च, पक्ष वर्धापनदिनाला आपापले कापड छापून घेतात. २००४ साली तर सरकारनेच शुक्रवारी देशी कापड घालण्याची मोहीम काढली.

'काय ती संस्कृती!' म्हणून माना डोलावणाऱ्यांना आमचा सवाल आहे: हे कापड छापणाऱ्या कामगाराचे काय झाले? ही मेणछपाई मुळात जावा बेटावरची. डचांनी तिची यंत्रावर नक्कल केली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती आफ्रिकेच्या किनाऱ्यावर विकली. स्वतंत्र घानाने १९६०च्या दशकात टेमा, अकोसोंबो येथे स्वतःचे कारखाने उभारले. पुढे बाजार मोकळा झाला आणि त्याच नक्षीची स्वस्त चिनी नक्कल आत शिरली. १९७७ साली तिथल्या वस्त्रोद्योगात सुमारे २५ हजार कामगार होते. २००५ मध्ये ३ हजारही उरले नाहीत. म्हणी मात्र अजून अंगावर आहेत!

आपण हसण्याच्या लायकीचे नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी संपावर गेलेल्या मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचे काय झाले, ते गिरणगावात विचारा. सांगानेरी हातछपाईला २०१० मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. घरात येते ती तिची पॉलिएस्टरवरची नक्कल. स्वस्त पडते, इस्त्री लागत नाही. आमच्याही घरी आहे, खोटे कशाला बोलावे? पगारात भागवणाऱ्या गृहिणीला दोष देणे हा शुद्ध ढोंगीपणा आहे.

दोष आहे तो आपल्या संघटनांचा. २०१७ मध्ये ट्रॅकमनसारख्या कर्मचाऱ्यांना वर्षाला ५ हजार रुपये गणवेश भत्ता ठरला, २०१८ मध्ये पोस्टमनसाठी खादीचा गणवेश आला. ते कापड विणणाऱ्याला मजुरी किती मिळते, हा प्रश्न किती शाखांच्या विषयपत्रिकेवर आला? अधिवेशनाच्या पिशव्या आणि बॅनर आपणही सर्वांत कमी दर देणाऱ्याकडूनच घेतो, आणि त्याच मंचावरून कंत्राटी पद्धतीचा निषेध करतो! पुढच्या अधिवेशनाचे कापड विणकरांच्या सहकारी संस्थेकडून घ्यावे आणि दरपत्रकासोबत मजुरीचा दरही मागवावा, असा ठराव प्रत्येक शाखेने पाठवावा.