अनाथ की पोरके?

मागच्या हिवाळ्यात विद्यार्थ्यांसह हेमलकशाला जाण्याचा योग आला. लोकबिरादरी प्रकल्पातील प्राण्यांच्या गोकुळाची सुरुवात बहुतेकांना ठाऊक असते. शिकार करून परतणाऱ्या माडिया आदिवासींजवळ मेलेली माकडीण होती आणि तिला बिलगलेले पिल्लू मात्र जिवंत होते. डॉ. प्रकाश आमटे यांनी ते मागून घेतले. पुढे बिबटे, अस्वले, हरणे अशी कितीतरी पिल्ले तेथे वाढली.

पिंजऱ्यासमोर एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मोठे झाल्यावर यांना जंगलात सोडतात का?"

प्रश्न सोपा नाही. माणसाच्या हातावर वाढलेला बिबट्या माणसाला भीत नाही; शिकार शिकवणारी आईही त्याला लाभलेली नसते. सोडला तर तो वस्तीकडेच वळण्याचा धोका. २०१७ साली चाळीसगाव परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली आणि अखेर त्याला गोळी घालावी लागली. तो तर रानातलाच होता. तरीही शेवट असा झाला. त्यामुळे केवळ पिंजरा दिसला म्हणून करुणेला दोष देणे मला उथळपणाचे वाटते.

तरीही दुसरी वाट आहे. केनियात १९७७ साली स्थापन झालेली शेल्ड्रिक संस्था हत्तीची पोरकी पिल्ले वाढवते. नैरोबीत त्यांना बाटलीने दूध पाजतात. रात्री राखणदार त्यांच्याजवळच झोपतात. पण हे राखणदार आलटूनपालटून बदलतात, कारण एकाच माणसाचा लळा लागला आणि तो दुरावला तर पिल्लू खचते. पुढे त्सावोच्या रानात वर्षानुवर्षे सोबत करून त्यांना रानटी कळपांच्या स्वाधीन केले जाते. हत्तीला कळप परत मिळू शकतो. बिबट्याला आई मिळत नाही. म्हणून दोन्हींना एकच माप लावता येणार नाही.

आपण मात्र सरसकट 'अनाथ' म्हणतो. या शब्दात 'नाथ' गृहीत आहे. वस्तुतः रानातला प्रत्येक जीव जन्मतःच अ-नाथ असतो, आणि तेच त्याचे वैभव. आई गेल्यावर तो 'पोरका' होतो. त्याला हवी असते ती माया, मालकी नव्हे. जिथे परतीची वाट शक्य आहे तिथे ती खुली ठेवणे आणि जिथे नाही तिथे त्याचे प्रदर्शन न मांडता जन्मभर सांभाळणे, ही करुणेची खरी कसोटी.

परतीच्या प्रवासात माझ्या मोबाइलमध्ये पिल्लांची चाळीस छायाचित्रे होती. कसोटी मलाही लागू होतीच.