राखणदाराचे म्हातारपण

शेतकऱ्याच्या हिशेबात वस्तीवरील कुत्र्याचे नाव सहसा नसते. बैलाची किंमत ठरते, गाईच्या दुधाची मोजदाद होते, शेळीच्या करडांचा जमाखर्च राहतो. परंतु रात्रभर खळे, गोठा व घर राखणाऱ्या कुत्र्याचे मोल कोणी मांडीत नाही. ते कळते ते तो नसल्यावरच. असा हा राखणदार आठ-नऊ वर्षांचा होतो, त्यास वरचेवर पातळ हगवण होऊ लागते, बरगड्या दिसू लागतात आणि घरातील सर्वांच्या तोंडी एकच वाक्य येते: "म्हातारा झाला, आता असेच चालायचे." ह्या एका वाक्यामुळे जितके कुत्रे अकाली मरतात, तितके प्रत्यक्ष म्हातारपणाने मरत नसावेत.

म्हातारपण हा रोग नव्हे. वयाबरोबर दात झिजतात, झोप वाढते, नजर मंदावते. परंतु महिनोन्महिने हगवण होणे, ओकाऱ्या येणे व वजन उतरणे हा वयाचा धर्म नाही. तो आजार आहे. त्यास कारण असते आणि बहुतेक वेळा उपायही असतो. दोन-चार दिवसांची हगवण उकिरड्यावर काही भलते खाल्ल्याने होऊ शकते व आपोआप थांबते. परंतु तीच तक्रार तीन आठवड्यांहून अधिक काळ टिकली किंवा थांबून पुन्हा पुन्हा उलटू लागली, तर पचनेंद्रियांचा जुनाट विकार जडला असे समजून चालणे इष्ट होय.

कारण शोधणे हाच पहिला उपाय

ह्या विकाराची कारणे अनेक आहेत. जंत हे त्यांतील सर्वांत सामान्य. अंकुशकृमी आतड्यास चिकटून रक्त शोषतात. त्यामुळे हिरड्या पांढुरक्या पडतात व मळ काळसर होतो. काही जंतांची अंडी अंगणातील ओलसर मातीत वर्षानुवर्षे टिकतात, म्हणून एकदा औषध देऊनही लागण पुन्हा होते. काही कुत्र्यांना एखादे विशिष्ट अन्नच सोसत नाही. काहींच्या स्वादुपिंडातून पाचक रस पुरेसे स्रवत नाहीत. अशा कुत्र्यास भूक राक्षसी लागते, तरी तो खंगतच जातो आणि त्याचा मळ फिकट, तेलकट व भरघोस असतो. काहींच्या आतड्यास कायमची सूज असते. वयस्क कुत्र्यात तर मूळ दुखणे यकृताचे, मूत्रपिंडाचे किंवा गाठीचेही असू शकते व हगवण हे त्याचे केवळ बाह्य लक्षण असते.

ही कारणे डोळ्यांनी ओळखता येत नाहीत. परंतु मालकाने नीट पाहिले तर पशुवैद्याचे निम्मे काम हलके होते. मळ एका वेळी पुष्कळ होतो व वजन झपाट्याने घटते, तर बिघाड बहुधा लहान आतड्यात असतो. उलट थोडा थोडा मळ वारंवार होतो, कुत्रा कुंथतो, मळात आव किंवा ताजे रक्त दिसते, तर दोष मोठ्या आतड्याकडे असतो. एवढी माहिती दवाखान्यात सांगता येणे म्हणजे अर्धे निदान घेऊन जाणेच होय.

म्हणून पहिली पायरी म्हणजे मळाची तपासणी. ताजा मळ स्वच्छ, झाकणाच्या डबीत घेऊन, उन्हापासून जपून त्याच दिवशी दवाखान्यात पोहोचवावा. जंतांची अंडी रोजच्या मळात सापडतातच असे नाही. यास्तव वेगवेगळ्या तीन दिवसांचे नमुने तपासणे अधिक विश्वसनीय ठरते. त्यात काही न आढळल्यास रक्त तपासावे.

ह्याउलट खेड्यापाड्यांत जे घडते ते चिंताजनक आहे. गाई-म्हशींसाठी आणलेल्या जंतनाशकाचा उरलेला भाग अंदाजाने कुत्र्यास पाजला जातो. औषधाचे प्रमाण वजनावर ठरते. जनावरासाठी बेतलेली मात्रा वीस किलोच्या कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते. घरातील माणसांच्या वेदनाशामक गोळ्या दिल्या जातात. त्यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण होऊन रक्तस्राव होतो. प्रत्येक हगवणीला प्रतिजैविकाच्या गोळ्या देण्याची सवयही आजचे पशुवैद्यकशास्त्र योग्य मानीत नाही. त्यांनी काही दिवस बरे वाटते, आतड्यातील उपयुक्त जंतूंचा मात्र नाश होतो व दुखणे परत येते.

औषधाइतकाच आहार महत्त्वाचा

जंत व इतर मोठे रोग नाहीत असे ठरल्यावर आहाराची परीक्षा घ्यावी. जुनाट हगवण असलेल्या पुष्कळ कुत्र्यांना केवळ आहार बदलल्याने दोन-तीन आठवड्यांत उतार पडतो, ही गोष्ट शेतकरी बांधवांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. कारण ह्या उपायास दवाखान्यापेक्षा घरातील शिस्त अधिक लागते.

साध्या आहाराचे सूत्र असे की, एक धान्य व एकच प्रथिन, दोन्ही मऊ शिजविलेली आणि तेल, तिखट, मीठ यांवाचून. वीस किलोच्या वयस्क कुत्र्यास दिवसाकाठी सुमारे ४०० ग्रॅम शिजलेला भात व २०० ग्रॅम उकडलेले, कातडी व हाडे काढलेले कोंबडीचे मांस हे प्रमाण धरून आरंभ करावा आणि वजन पाहून कमीअधिक करावे. कुत्रा नेहमीच कोंबडी खात आला असेल, तर त्याने क्वचित खाल्लेले दुसरे प्रथिन निवडावे. माळकरी घरात मांस व अंडे शिजत नसेल, तर मुगाच्या मऊ शिजविलेल्या डाळीवर कितपत भागेल हे पशुवैद्यास विचारून घ्यावे. दिवसाचे अन्न एकदम न देता तीन-चार वेळांत विभागून द्यावे आणि जुन्या अन्नावरून नव्यावर पाच-सात दिवसांत हळूहळू यावे. असा घरगुती आहार काही आठवड्यांपुरता ठीक असतो. पुढे चालू ठेवावयाचा झाल्यास त्यात खनिजे व जीवनसत्त्वे कमी पडतात, म्हणून त्यांची पुरवणी पशुवैद्याकडून ठरवून घ्यावी. मूत्रपिंडाचा विकार असल्यास आहारच निराळा असतो.

परीक्षेच्या काळात दुसरे काहीही पोटात जाता कामा नये. येथेच बहुतेकांचे घोडे अडते. धनी नियम पाळतो, पण मुले हातातील बिस्किटे टाकतात, आजी शिळ्या भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून घालते आणि उरलेली कसर गावचा उकिरडा भरून काढतो. म्हणून तीन आठवडे कुत्र्यास आवारात ठेवावे, फिरावयास साखळीने न्यावे आणि घरातील प्रत्येकास कारण समजावून सांगावे.

दुधासंबंधी एक गोड गैरसमज सर्वत्र आहे. आजारी कुत्र्यास दूध-भाकरी देणे हे प्रेमाचे लक्षण मानले जाते. परंतु कित्येक प्रौढ कुत्र्यांना दुधातील साखर पचत नाही व हगवण वाढते. कांदा व लसूण कुत्र्याच्या रक्तपेशी नासवितात. द्राक्षे व बेदाणे मूत्रपिंडास घातक ठरतात, हे नाशिक-सांगलीकडील बागाइतदारांनी विशेष ध्यानात ठेवावे. शिजलेल्या हाडांचे धारदार तुकडे आतड्यात रुततात. स्निग्ध पदार्थ तर आजारी आतड्यास सर्वांत जड. कुत्र्याने पळविलेल्या भाकरीमागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा महाराष्ट्रातील घराघरांत सांगितली जाते. त्या कथेतील करुणा आजही अंगी बाणविण्याजोगी आहे. मात्र जुनाट हगवणीच्या कुत्र्यामागे धावावयाचे ते तुपाची वाटी घरी ठेवून!

म्हाताऱ्या कुत्र्यास उपाशी ठेवून हगवण थांबविण्याची चालही सोडावी. पाणी सदैव समोर असावे. अंगातील पाणी आटले की नाही हे कातडीची चिमटी धरून पाहतात. परंतु वयामुळे कातडी सैल झालेली असते, म्हणून हिरड्या कोरड्या व चिकट आहेत काय हे पाहणे अधिक भरवशाचे.

दर आठवड्यास वजन घ्यावे. कुत्र्यास उचलून काट्यावर उभे राहावे व त्यातून स्वतःचे वजन वजा करावे. वीस किलोचा कुत्रा अठरावर आला, म्हणजे दहावा हिस्सा गमावला. हा इशारा होय. काळा डांबरासारखा किंवा रक्ताचा मळ, वारंवार ओकारी, पांढुरक्या हिरड्या, फुगलेले पोट, दिवसभर अन्नास न शिवणे, यांपैकी काहीही दिसल्यास दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

हा प्रश्न केवळ कुत्र्याचा नाही

"माणसाच्या औषधाला पैसे पुरत नाहीत, तेथे कुत्र्याचे काय?" असे कोणी विचारील. प्रश्न खोटा नाही व त्यास भावनेने उत्तर देणे योग्य नव्हे. परंतु ज्या अंगणात कुत्रा हगतो त्याच अंगणात मुले अनवाणी खेळतात. कुत्र्याच्या अंकुशकृमींच्या अळ्या माणसाच्या कातडीत शिरतात. गोलकृमींची अंडी मातीच्या हातांवाटे मुलांच्या पोटात जातात. कुत्र्याचा मळ रोज उचलून पुरणे व त्यास वेळेवर जंताचे औषध देणे हा घरच्याच आरोग्यावरील खर्च आहे.

दिवाळीनंतर मेंढरे घेऊन देशावरून कोकणाकडे उतरणाऱ्या धनगर बांधवांना हे अधिकच लागू पडते. मेंढरू कापले वा मेले की त्याचे काळीज व फुप्फुस कुत्र्यापुढे टाकतात. त्यात हायडॅटिडच्या पाणफुग्या असल्यास कुत्र्याच्या आतड्यात बारीक पट्टकृमी वाढतात. त्यांची अंडी मळावाटे चाऱ्यावर व पाण्यात पडून पुन्हा मेंढरांना व माणसांनाही लागण करतात. माणसाच्या यकृतात वा फुप्फुसात अशी फुगी वर्षानुवर्षे वाढत राहते. लागण झालेला कुत्रा बहुधा धडधाकट दिसतो, म्हणून हगवणीची वाट न पाहता ठरलेल्या मुदतीने पट्टकृमीचे औषध द्यावे आणि असे अवयव कच्चे न घालता खोल पुरावे किंवा अर्धा तास उकळावेत.

आजारी कुत्रा रात्री वारंवार बाहेर जातो, म्हणून त्यास अंगणात मोकळा सोडणे किंवा बांधून ठेवणे सोयीचे वाटते. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर भागात उसाच्या फडांतून बिबट्या वस्तीपर्यंत येतो. तरुण कुत्रा निसटू शकेल. खंगलेला निसटणार नाही. रात्री त्यास दार असलेल्या जागी, पोत्याच्या अंथरुणावर घ्यावे. घाण होईल, ती सकाळी धुता येते.

सर्व उपाय करूनही काही कुत्रे बरे होत नाहीत, हेही सांगावयास हवे. त्या वेळी दूरच्या बाजारात नेऊन सोडणे, किंवा विषाचा घास घालणे, ही कृत्ये माणुसकीला शोभणारी नाहीत. प्राण्यास उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणे हा प्राण्यांचा छळ प्रतिबंधक अधिनियम, १९६० अन्वये गुन्हाही आहे. वेदना असह्य झाल्या व आशा उरली नाही, तर पशुवैद्याच्या हातून शांत मरण देता येते; आणि त्या वेळी ओळखीचा हात पाठीवर असावा.

ग्रामस्तरावरील कार्यकर्ते व पशुसखी गोठ्यात जातात, शेळ्यांना लसी टोचतात व कोंबड्यांची चौकशी करतात. त्याच भेटीत दारातील म्हाताऱ्या कुत्र्याकडे पाहून "ह्याची हगवण किती दिवसांची?" एवढा एकच प्रश्न त्यांनी विचारावा. उत्तर तीन आठवड्यांहून अधिक आले, तर डबीत नमुना घेण्यास सांगावे. ह्याने कामाचा बोजा वाढत नाही. एका घराचे अंगण मात्र स्वच्छ होते व एका राखणदाराची एक-दोन वर्षे सुखाची जातात.

दहा वर्षे ज्याच्या भुंकण्याच्या भरवशावर घर निर्धास्त झोपले, त्यास म्हातारपणी मापून शिजविलेला भात, एक तपासणी व रात्रीचा आडोसा मिळावा, ही मागणी फार मोठी नाही. तो उपकार नव्हे. राखणीची ती थकलेली मजुरी आहे आणि शेतकरी कोणाची मजुरी बुडवीत नाही.