आधी कंदील, मग माणूस

सकाळी चहाचे आधण ठेवताना शेगडीतल्या निळ्या ज्योतीकडे कोणी निरखून पाहत नाही. ती पेटली, एवढे पुरे असते. पण या ज्योतीचे एक मूळ अरबी समुद्रात, मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवरच्या मुंबई हाय तेलक्षेत्रात आहे. १९७४ साली 'सागर सम्राट'ने तिथे तेल शोधले, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तिथल्या वायूपासून उरणला स्वयंपाकाचा गॅसही तयार होतो.

तिथल्या फलाटांचे पोलादी पाय सुमारे ७५ मीटर खोल पाण्यात उभे आहेत. खारे पाणी पोलाद खाते. म्हणून पायांना ॲल्युमिनियम किंवा जस्ताचे ठोकळे जोडतात. पोलादाऐवजी ते झिजतात. कालवे-शिंपल्यांची पुटे चढली की पाय जाड होतात आणि लाटांचा मार वाढतो. सांध्यांना तडे जातात. हे सारे वेळोवेळी खाली जाऊन पाहावे लागते.

आजवर हे काम मुख्यतः पाणबुड्यांनी केले. एवढ्या खोलीवर दाब आपल्या रोजच्या हवेच्या आठपटींहून अधिक असतो. म्हणून हे पाणबुडे जहाजावरच्या बंद टाकीत, तेवढ्याच दाबाखाली, हेलियम मिसळलेला प्राणवायू घेत कित्येक दिवस राहतात. सोड्याची बाटली एकदम उघडली की बुडबुडे फसफसतात, तसे दाब एकदम उतरला तर रक्तात होते. त्यामुळे बाहेर यायलाच काही दिवस लागतात.

२७ जुलै २००५ रोजी 'समुद्र सुरक्षा' हे जहाज मुंबई हायच्या उत्तरेकडील फलाटावर आदळले आणि आगडोंब उसळला. २२ माणसे गेली. पेटलेले जहाज सोडून सारे निघाले, पण सहा पाणबुडे टाकीतच राहिले. दार उघडणे म्हणजेच मरण होते. सुमारे ३६ तासांनी त्यांची सुटका झाली.

अशा कामासाठी आता आर.ओ.व्ही. नावाची यंत्रे आहेत. जहाजावर बसलेला चालक जाड केबलच्या नाळेतून त्यांना वीज आणि हुकूम देतो. ती कॅमेऱ्याने पाय न्याहाळतात, पाण्याच्या झोताने पुटे काढतात, ठोकळे किती झिजले ते मोजतात. मुंबई हायवरही ती उतरतात. समुद्रतळाच्या शोधासाठी चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने बांधलेले असेच एक यंत्र २०१० साली ५,२८९ मीटर खोल जाऊन आले. तेव्हा विद्या आपल्याकडे आहे.

आमच्या लांज्यात उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढायचा असला, की जाणती माणसे आधी पेटता कंदील दोरीने खाली सोडतात. तो विझला तर माणूस उतरत नाही. माझे म्हणणे एवढेच, की समुद्रातही हाच नियम हवा. गढूळ पाण्यात कॅमेरा आंधळा होतो, नाळ गुंतते, अडचणीच्या सांध्यात मानवी हातच लागतो, हे खरे. पण यंत्राने होण्याजोग्या कामाला माणूस पाठवू नये. खर्चाचे गणित मांडताना ते ३६ तासही धरावेत.

यंत्र आले की पोटावर पाय येतो, ही भीती खोटी नाही. लांज्यातल्या घराघरांतून पोरे मुंबईला चाकरीसाठी गेली आहेत. रोजगार जाणे म्हणजे काय, ते आम्हाला सांगावे लागत नाही. पण या यंत्रालाही चालक, वीजतंत्री, दुरुस्ती करणारा लागतो. ही माणसे आयत्या वेळी परदेशातून का आणावीत? रत्नागिरी जिल्ह्यात आयटीआय आहेत, शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. एकीकडे यंत्राची जाण, दुसरीकडे समुद्राची. दोन्हींची सांगड घालणारा अभ्यासक्रम इथे निघाला, तर कोकणातला मुलगा समुद्राचे काम जहाजावर बसून करील आणि पाळी संपली की घरच्यांना फोन करील. त्याच्या आईला याहून अधिक काय हवे असते?